धुळे, चाळीसगाव आणि वॉर्डातली मावशी

धुळ्याहून रेल्वेनं कुठंही जायचं म्हटलं की आधी चाळीसगाव गाठावं लागतं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. धुळे जिल्ह्याचं ठिकाण, चाळीसगाव तालुक्याचं. पण रुळांच्या नकाशावर धुळे म्हणजे फाट्याचं शेवटचं टोक आणि चाळीसगाव म्हणजे तो फाटा जिथं फुटतो ते जंक्शन. आता नकाशा रस्त्यांचा काढा. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यातच एकमेकांना छेदतात, आणि मघाचं टोक एकदम चौफुली होऊन बसतं. गाव तेच, माणसं तीच. फक्त ‘रेल्वे कुठून जाते’ऐवजी ‘ट्रक कुठून जातो’ असं विचारलं, आणि गावाची पत बदलली.

दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांचाही असा नकाशा काढता येतो. त्या पद्धतीला सोशल नेटवर्क ॲनालिसिस म्हणतात. नाव ऐकून फेसबुक-इन्स्टाग्राम डोळ्यांसमोर येतं, पण ही पद्धत फेसबुकच्या सत्तर वर्षं आधीची आहे आणि तिला कॉम्प्युटर असलाच पाहिजे असंही नाही. कागद, पेन्सिल आणि खरं बोलणारी माणसं एवढं पुरतं. तिसरी गोष्ट मिळणं अवघड, त्याबद्दल पुढे.

मी डॉक्टर नाही, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. या विषयाकडे वळलो तो वडिलांच्या आजारपणामुळे. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात ते आठ दिवस ॲडमिट होते. तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट येईना. वॉर्डात विचारलं तर म्हणे लॅबनं पाठवला नाही. लॅबमध्ये विचारलं तर म्हणे सकाळीच वर गेला. डॉक्टर रिपोर्टसाठी थांबलेले, आणि मी चार वेळा जिने चढलो-उतरलो. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा मुलगा म्हणाला, “मावशीले इचारा भाऊ.” मावशीनं फरशी पुसायची बादली बाजूला सरकवली, दोन मजले फिरून आली आणि दहा मिनिटांत रिपोर्ट हातात ठेवला. खालच्या वॉर्डातल्या दुसऱ्या एका पाटलांच्या केस पेपरला तो टाचला गेला होता. खान्देशात पाटील आडनावाचे दोन पेशंट एकाच वेळी ॲडमिट नसतील असा दवाखाना शोधून दाखवावा, पण तो मुद्दा वेगळा.

त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात एक रंगवलेला तक्ता होता. सगळ्यांत वर प्रमुख, खाली वैद्यकीय अधिकारी, मग इन्चार्ज सिस्टर, स्टाफ नर्स, औषधनिर्माता, असं करत करत उतरत जाणारा. कुणाचा साहेब कोण, हे त्यावरून कळत होतं. अडलेला रिपोर्ट कोण शोधून देतो, हे कळत नव्हतं. ते जिथं दिसतं तो दुसरा तक्ता कुणी रंगवत नाही, तो काढावा लागतो.

काढायचा कसा? प्रत्येक माणसासाठी एक ठिपका. आणि मग एक प्रश्न, नेमका आणि एकच: ‘औषधाच्या डोसबद्दल शंका आली तर तुम्ही कुणाला विचारता?’ ज्यानं ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडे एक बाण. झालं जाळं. बाणाला दिशा असते हे महत्त्वाचं. मी तुम्हाला विचारतो म्हणून तुम्ही मला विचारताच असं नाही.

याची सुरुवात झाली अमेरिकेतल्या एका मुलींच्या सुधारगृहात. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या या संस्थेतून १९३२ साली दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. एरवीच्या मानानं हा आकडा कितीतरी मोठा. जेकब मोरेनो हे मनोविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी एकेका मुलीचा स्वभाव तपासत बसण्याऐवजी कुणाला कुणाबरोबर राहायला आवडतं, कोण कुणाला टाळतं, याची चित्रं काढली. पळण्याचा विचार कुठल्या वाटांनी एकीकडून दुसरीकडे गेला असेल, हे त्या रेषांवरून उमगलं, असं त्यांचं म्हणणं. १९३४ मध्ये मोरेनोंनी ही चित्रं पुस्तकात छापली. त्यात कुठल्याही एका मुलीवर बोट ठेवलेलं नव्हतं. बोट ठेवलं होतं मुलींच्या मधल्या रेषांवर. सगळी विद्या म्हटलं तर एवढीच आहे.

आता आपलं एक ग्रामीण रुग्णालय घेऊ. खरं नाही, कल्पनेतलं; तालुक्याचं गाव तुम्हाला हवं ते धरा, पारोळा म्हणा नाहीतर शहादा. कर्मचारी १५: डॉक्टर ३, सिस्टर ६, आणि औषधनिर्माता, लॅब टेक्निशियन, एक्स-रे टेक्निशियन, क्लार्क व दोन वॉर्डबॉय मिळून ६. डोसच्या शंकेचा प्रश्न सगळ्यांना विचारला. प्रत्येक जण बाकीच्या १४ जणांची नावं घेऊ शकतो, म्हणजे जास्तीत जास्त १५ गुणिले १४, २१० बाण. प्रत्यक्षात आले ४२. भागाकार केला की ०.२० येतं. याला जाळ्याची घनता म्हणतात. शंभरातल्या वीस वाटा वापरात आहेत आणि ऐंशी बंद, इतकाच त्याचा अर्थ.

नुसत्या या आकड्यावरून काही ठरत नाही. त्याच्या पोटात शिरलं की मजा येते. सहा सिस्टरांच्या आपापसात ३० बाण शक्य होते, त्यांतले १८ आहेत. तीन डॉक्टरांच्या आपापसात ६ शक्य, ५ आहेत. म्हणजे दोन्ही घरं आतून भरलेली. पण डॉक्टर आणि सिस्टर यांच्या मध्ये, दोन्ही दिशा धरून, ३६ बाण शक्य असताना आहेत फक्त ७. आणि त्या सातांतले पाच एकाच सिस्टरला लागून आहेत. बहुतेक वेळा नाइट ड्युटी केलेली, पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेली, डॉक्टरला ‘सर, हा डोस जरा जास्त वाटतो’ असं तोंडावर सांगू शकणारी ती सिस्टर. तिला पुसून टाका. डॉक्टर आणि सिस्टर यांच्यात उरतात दोन बाण.

तिला पुसायला कुणी मुद्दाम जायची गरज नसते. मे-जूनमध्ये बदल्यांचे आदेश निघतात. कागदावर एक स्टाफ नर्स गेली आणि दुसरी आली, पद भरलेलं आहे, कुणाची काही तक्रार नाही. जाळ्यात मात्र जिच्यावर पूल उभा होता तो खांब गेला. नवीन बाई कितीही हुशार असली तरी पहिले सहा महिने तिचे बाण शून्यातूनच सुरू होतात. खान्देशात ‘बाई गेली आन् वॉर्ड बसला’ असं लोक म्हणतात त्याचं गणित हेच आहे, असं मला वाटतं.

इथे दोन मापांत फरक केला पाहिजे. किती जण तुमचं नाव घेतात, हे एक माप. ती झाली लोकप्रियता. दुसरं माप जरा खोल आहे. जाळ्यातली कुठलीही दोन माणसं घ्या आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी सगळ्यांत जवळची वाट शोधा. अशा सगळ्या जोड्यांच्या वाटांपैकी किती वाटा तुमच्यावरून जातात? लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये या मापाला नीट गणिती रूप दिलं. मराठीत आपण त्याला मध्यस्थता म्हणू. भुसावळ आठवा. मुंबईकडून येणारी लाइन तिथून एक इटारसीकडे जाते, एक नागपूरकडे. मनमाडहून इटारसीला जायचं असो की नंदुरबारहून नागपूरला, वाट भुसावळवरूनच. उद्या भुसावळ यार्डात काही अडलं तर कुठल्या कुठल्या गाड्या खोळंबतात, हे खान्देशातल्या माणसाला वेगळं समजावायला नको. वॉर्डातला भुसावळ कोण, हे हे माप सांगतं. तो बऱ्याचदा लोकप्रिय माणूस नसतो. तीनच जण त्याला विचारतात, पण ते तिघं तीन वेगळ्या कोपऱ्यांतले असतात.

व्यवस्थापनावर लिहिणारे लोक अशा माणसाचं फार कौतुक करतात: महत्त्वाचा दुवा, कळीची व्यक्ती वगैरे. मला त्याच्याकडे पाहिलं की आधी दया येते. ज्या सिस्टरवरून पाच वाटा जातात तिला जेवणाच्या डब्यावरूनही उठवलं जातं. तिच्या पगारात त्या पाच वाटांचा एक रुपया नसतो. जाळ्याचं चित्र हातात आल्यावर पहिला उपयोग करायचा तर तिच्याभोवती आणखी दोन-तीन वाटा पाडण्याचा करावा.

अजून एक गोष्ट. याच १५ जणांना प्रश्न बदलून विचारा: ‘चहा कुणाबरोबर पिता?’ किंवा ‘घरची अडचण कुणाला सांगता?’ चित्र ओळखू येणार नाही इतकं बदलेल. डोसच्या नकाशात कोपऱ्यात असलेला क्लार्क चहाच्या नकाशात मधोमध येईल. म्हणून ‘या दवाखान्यात केंद्रस्थानी कोण आहे?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कशाच्या बाबतीत, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. धुळे टोकाला की मधोमध, असं नुसतं विचारण्यासारखं ते झालं.

हे सगळं खऱ्या दवाखान्यांत तपासलं गेलं आहे. सिडनीतल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेरिडा क्रेस्विक, जोहाना वेस्टब्रुक आणि जेफ्री ब्रेथवेट यांनी कर्मचाऱ्यांना वेगवेगळे प्रश्न विचारले: कामातली अडचण कुणाबरोबर सोडवता, औषधाचा सल्ला कुणाकडून घेता, मोकळ्या वेळात कुणाबरोबर असता. २००९ मध्ये छापलेल्या या अभ्यासात डॉक्टर डॉक्टरांशी आणि नर्स नर्सशी बोलतात, ही गोष्ट ठळकपणे दिसली. आपल्या जातीच्या माणसाकडे ओढा. इथे जात म्हणजे पेशा, पण शब्द मी मुद्दाम वापरला. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या दोघींनी एका वॉर्डातल्या औषध-सल्ल्याचं जाळं मांडलं, तेव्हा सल्ला देण्यात वॉर्डातला फार्मासिस्ट आणि एक ज्युनियर डॉक्टर पुढे होते. आपल्या सरकारी दवाखान्यात औषधनिर्मात्याला खिडकीआड बसवून गोळ्या मोजायला लावतात. त्याच्याकडे असलेलं ज्ञान खिडकीतून बाहेर येण्याची वाटच नसते.

माणसं सांगतात ते आणि प्रत्यक्षात करतात ते यात तफावत असते. म्हणून काही संशोधक विचारतच नाहीत, मोजतात. फ्रान्समधल्या लियाँ शहरात डिसेंबर २०१० मध्ये वृद्धांच्या एका वॉर्डातले ४६ कर्मचारी आणि २९ रुग्ण यांच्या अंगावर छोटे सेन्सर लावले. दोन माणसं साधारण मीटर-दीड मीटरच्या आत समोरासमोर आली की यंत्र नोंद करायचं. काही दिवसांतच १४ हजारांहून जास्त नोंदी झाल्या. त्यात नर्सांचा वाटा मोठा होता, आणि त्यांच्यातल्याही थोड्या जणींवर बराचसा संपर्क एकवटलेला होता. इथे प्रश्न सल्ल्याचा नव्हता, जंतूंचा होता. ज्या वाटेनं ज्ञान जातं त्याच वाटेनं जंतुसंसर्गही जातो. म्हणून जाळं जितकं घट्ट तितकं चांगलं, असं समजू नये. लशीचे डोस मोजके असतील तर आधी कुणाला टोचायची, हे ठरवायलाही असा नकाशा कामी येतो.

सगळ्यांत जुनी आणि गाजलेली गोष्ट मात्र डॉक्टरांची आहे, आणि तिची शेपटी मला जास्त आवडते. १९५० च्या दशकात जेम्स कोलमन, एलिहू कॅट्झ आणि हर्बर्ट मेंझेल यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या चार शहरांत टेट्रासायक्लिन हे त्या वेळचं नवं अँटिबायोटिक डॉक्टरांमध्ये कसं पसरलं याचा माग काढला. डॉक्टरांना विचारलं: सल्ला कुणाचा घेता, केसबद्दल कुणाशी बोलता, मित्र कोण? आणि नवं औषध कधी सुरू केलं हे डॉक्टरांच्या तोंडून न ऐकता मेडिकल दुकानांतली प्रिस्क्रिप्शनं तपासली. १२५ डॉक्टरांची. ज्यांची नावं इतर डॉक्टर जास्त घेत होते त्यांनी औषध लवकर सुरू केलं होतं. निष्कर्ष निघाला: नवं औषध डॉक्टरांच्या ओळखीपाळखीतून पसरतं. चाळीस-एक वर्षं हे पुस्तकांतून शिकवलं गेलं. मग २००१ मध्ये क्रिस्तोफ व्हान देन बुल्ते आणि गॅरी लिलियन यांनी जुनी आकडेवारी पुन्हा काढून त्यात औषध कंपन्यांच्या जाहिरातबाजीचा हिशेब धरला. तो धरल्यावर ओळखीपाळखीचा परिणाम दिसेनासा झाला.

जळगावात संध्याकाळी कुठल्याही क्लिनिकच्या बाहेर बॅग घेऊन बसलेले एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, ज्यानं पाहिलेत, त्याला यात नवल वाटणार नाही. दोन डॉक्टर एकाच महिन्यात एकच औषध लिहायला लागले तर ते एकमेकांशी बोलले असतील, किंवा दोघांकडे एकच एमआर जाऊन आला असेल. नुसतं चित्र पाहून या दोहोंतला फरक कळत नाही. जाळ्याचा अभ्यास करणाऱ्यानं भिंतीवर लिहून ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

भिंतीबाहेरही जाळं असतं. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, सिव्हिल, अशी पायऱ्यांची रचना कागदावर आहे. धुळ्याला १९८९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जळगावला २०१८ पासून. पण नवापूर-अक्कलकुव्याकडचा पेशंट राज्याची हद्द पाहत नाही, तो गुजरातेत जातो. रावेर-यावलकडचा कधी बऱ्हाणपूर-इंदूरचा रस्ता धरतो. ‘रेफर’चा खरा नकाशा काढायचा तर कागदावरची पायरी बाजूला ठेवून रुग्ण कुठून कुठे गेला ते जोडावं लागतं. अमेरिकेत २०१२ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर केलं गेलं. सुमारे ४६ लाख रुग्णांच्या नोंदी घेतल्या आणि एकच रुग्ण ज्या दोन डॉक्टरांनी पाहिला त्यांच्यामध्ये रेषा ओढली. ६८ हजार डॉक्टरांचं जाळं कुणालाही एक प्रश्न न विचारता तयार झालं. आपल्याकडे तालुक्याच्या गावात अशीच रेषा भूलतज्ज्ञापाशी सापडेल. सकाळी एका हॉस्पिटलात सिझेरियन, दुपारी दुसऱ्यात हर्निया, रात्री तिसऱ्याचा फोन. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या सर्जन मंडळींना जोडणारा तो एकच माणूस असतो. कुठल्या ऑपरेशन थिएटरात काय नवीन आलं, हे त्याला सगळ्यांत आधी कळतं.

आता त्या खरं बोलणाऱ्या माणसांकडे येतो. साध्या सर्व्हेत नाव लिहायचं नसतं. इथे मात्र नावाशिवाय काहीच होत नाही, स्वतःचंही आणि दुसऱ्याचंही. शंभरातल्या ऐंशी जणांनी उत्तर दिलं तर एरवी आपण खूश होतो. जाळ्यात गप्प राहिलेल्या वीस जणांपासून निघणारे सगळे बाण हरवतात, आणि गप्प राहिलेला एखादाच भुसावळ असला तर नकाशाच खोटा होतो. लोक गप्प का राहतात? कारण ‘या सिस्टरला कुणीच विचारत नाही’ असं चित्र साहेबांच्या टेबलावर गेलं तर त्याचं पुढे काय होईल, हे त्यांना माहीत असतं. म्हणून जो अभ्यास करतो त्यानं नावांच्या जागी आकडे घालावेत, ती यादी स्वतःकडेच ठेवावी आणि वरिष्ठांना दाखवायचं तर गटागटांचं चित्र दाखवावं. १५ जणांच्या दवाखान्यात आकडे घातले तरी कोण कुठला ठिपका हे लोक ओळखतातच. तिथं चित्र न काढलेलंच बरं, किंवा सगळ्यांनी मिळून फळ्यावर काढावं.

आणखी एक खाच आहे, ती माझ्याही लक्षात उशिरा आली. ठिपके कुणाकुणाचे काढायचे? सोपा मार्ग म्हणजे आस्थापनेकडून कर्मचाऱ्यांची यादी घ्यायची आणि प्रत्येकापुढे टिक करायला सांगायचं. वर आपण १५ जण धरले ते असेच, यादीतले. कंत्राटी माणसं त्या यादीत नसतात. १०८ चा ड्रायव्हर नसतो, आशाताई नसतात. धडगाव-मोलगी पट्ट्यातल्या दवाखान्यात पावरी नाहीतर भिली बोलणारी बाई बाळंतपणाला येते आणि सरकारी सेवेच्या बाँडवर लातूर-परभणीकडून आलेल्या डॉक्टरला तिचा शब्द कळत नाही. तिथं ‘पेशंट काय म्हणते हे तुम्हाला कोण सांगतं?’ असं विचारलं, तर उत्तरातलं नाव यादीतल्या एकाही पदाचं नसू शकतं.

यावर उपाय अगदी साधा आहे. फॉर्मच्या तळाशी, छापील नावं संपल्यावर, चार-पाच ओळी रिकाम्या सोडायच्या आणि लिहायचं: ‘वरच्या यादीत नसलेलं कुणी?’ वडील ॲडमिट होते त्या वॉर्डात हा फॉर्म वाटला असता, तर त्या रिकाम्या ओळींत जवळपास प्रत्येकानं ‘मावशी’ असं लिहिलं असतं. आठ दिवस तिथं राहून तिचं नाव मलाही माहीत नव्हतं.